एक लाडू, पन्नास राज्यं

डेलावेअर नदी न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया या दोन राज्यांच्या मधून वाहते. १७७६ साली नाताळच्या रात्री जॉर्ज वॉशिंग्टनने ही बर्फाळ नदी सैन्यासह ओलांडली आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाला कलाटणी मिळाली. त्या पराक्रमाचं चित्र तिकडे पोरासोरांनाही माहीत असतं. पण न्यू जर्सीतल्या एखाद्या मराठी बाईने घरी वळलेले बेसनाचे लाडू विकायला तीच नदी ओलांडायची ठरवली, तर तिला ते जमत नाही. नदीच्या अलीकडे लाडू हा लाडू असतो. पलीकडे गेला की तो 'आंतरराज्यीय व्यापार' होतो आणि त्याची दखल वॉशिंग्टनला, म्हणजे त्या सेनापतीच्या नावाच्या शहराला, घ्यावी लागते.

घरच्या ओट्यावर केलेलं अन्न थेट गिऱ्हाइकाला विकायचं, तर अमेरिकेत त्यासाठी देशभराचा असा एक कायदा नाही. हद्दीतलं राज्याने बघावं, हद्दीबाहेरचं केंद्राने, अशी वाटणी आहे. त्यामुळे राज्यं पन्नास आणि नियमावल्याही पन्नास. या धंद्याला तिकडे 'कॉटेज फूड' म्हणतात. ऐकल्यावर कौलारू घर, परसात कोंबड्या, खिडकीत निवत ठेवलेला केक असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. प्रत्यक्षात नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमधली विजेची शेगडीसुद्धा त्यात बसते.

माझी मावसबहीण न्यू जर्सीत एडिसनला राहते, तिची नणंद कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला आणि धाकटी जाऊ टेक्सासात फ्रिस्कोला. तिघींनाही दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घ्यायची हौस. पूर्वी त्यांचे फोन चिवड्याला पोहे पातळ घ्यावेत की भाजके यावर रंगायचे. आता त्या एकमेकींना कलमं वाचून दाखवतात. "वहिनी, तुमच्याकडे वर्षाला किती हजारांपर्यंत चालतं हो?" "पन्नास. तुमच्याकडे?" "आमच्याकडे पंचाहत्तर, शिवाय महागाईप्रमाणे वाढ." मग टेक्सासची जाऊ शांतपणे "आमच्याकडे दीड लाख" म्हणते आणि पुढचं अर्धं मिनिट फोनवर कुणी बोलत नाही. पूर्वी अशी शांतता फक्त पाटल्यांच्या वजनाच्या वेळी पसरायची. तिघींच्या घरी आळीपाळीने मुक्काम करणाऱ्या सासूबाई सगळं ऐकून घेतात आणि एवढंच विचारतात, "पण लाडू तुपात करता ना गं तिघी?"

न्यू जर्सी या बाबतीत सगळ्यांत शेवटी जागं झालं. बाकीच्या एकोणपन्नास राज्यांनी घरच्या केक-बिस्किटांना या ना त्या रूपात मोकळीक दिली, तरी इथे बंदीच होती. घरी भाजलेला केक धर्मादाय मदतीसाठी लावलेल्या टेबलावर ठेवला तर पुण्य, आणि तोच शेजारणीला पैसे घेऊन दिला तर हजार डॉलरपर्यंत दंड. शेवटी केक करणाऱ्या बायका कोर्टात गेल्या, वर्षानुवर्षं भांडल्या आणि ऑक्टोबर २०२१ पासून नियम बदलला. आता १०० डॉलर भरले की दोन वर्षांचा परवाना मिळतो. त्याआधी अन्नसुरक्षेची एक परीक्षा मात्र द्यावी लागते.

माझी मावसबहीण संख्याशास्त्रात एम.एस्सी. आहे. आयुष्यात तिने पुष्कळ परीक्षा दिल्या, पण हात किती सेकंद धुवावेत या प्रश्नाची उत्तरं पाठ करायची वेळ तिच्यावर पहिल्यांदाच आली. ती मोठ्याने अभ्यास करायची आणि सासूबाई शेजारी गवार मोडत बसलेल्या असायच्या. "वीस सेकंद," बहीण म्हणाली. "बाहेरून आल्यावरचे वेगळे ना?" सासूबाईंनी विचारलं. पुस्तकात याचा खुलासा नव्हता. पुढे कच्चं आणि शिजलेलं एकमेकांना लागू देऊ नये, एका पदार्थाचा चमचा दुसऱ्यात घालू नये, केस बांधलेले असावेत, अंगठ्या काढून ठेवाव्यात, अशी कलमं येत गेली. सासूबाई म्हणाल्या, "हे मी तुला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात फुकट सांगितलं होतं. तेव्हा तू आईला फोन करून रडली होतीस."

एक मात्र कबूल केलं पाहिजे. अमेरिकेच्या केंद्र सरकारला आईची माया कळते. परदेशातून येणाऱ्या खाण्याच्या वस्तूंची आगाऊ वर्दी तिकडच्या अन्न आणि औषध प्रशासनाला द्यावी लागते, पण त्यातून एक माफी आहे: एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या राहत्या घरी केलेला आणि त्याच व्यक्तीने वैयक्तिक भेट म्हणून पाठवलेला पदार्थ. म्हणजे आईने पाठवलेले डिंकाचे लाडू. लाडू तिनेच वळलेला हवा आणि पाठवणारीही तीच हवी. दुकानातून आणलेल्या बाकरवडीला ही सवलत नाही. इतक्या नेमक्या शब्दांत आईची व्याख्या आपल्याकडच्या कुठल्या खात्याने केल्याचं मला आठवत नाही. सरकारचं म्हणणं एवढंच, की याच लाडवाचा एक डॉलर जरी घेतलात तर आमची तुमची ओळख नाही.

कॅलिफोर्नियाचा कायदा एका कौतुकातून जन्माला आला. लॉस एंजेलिसमधले एक गृहस्थ अंगणात भट्टी बांधून पाव भाजायचे आणि दोन-तीन दुकानांत ठेवायचे. पाव इतका उत्तम, की २०११ साली मोठ्या वर्तमानपत्रात त्यांच्यावर लेख आला. तो शेजाऱ्यांनी वाचला, नातेवाइकांनी वाचला आणि आरोग्य खात्यानेही वाचला. दुकानांतून पाव उचलला गेला. त्या गृहस्थांनी आपल्या भागातल्या आमदाराचं दार ठोठावलं, विधेयक आलं आणि जानेवारी २०१३ पासून घरगुती पदार्थ विकायची वाट मोकळी झाली. ओळखीतल्या आमदाराकडून लोक बदली करून घेतात, नळाचं कनेक्शन घेतात. पावासाठी कायदा करून घेणारा माणूस विरळाच.

या कायद्यातलं एक कलम फ्रीमाँटच्या नणंदेने आम्हाला फोनवर वाचून दाखवलं. विक्रीचे पदार्थ करताना त्याच वेळी स्वयंपाकघरात घरचा स्वयंपाक, भांडी घासणं, कपडे धुणं, इस्त्री, साफसफाई आणि पाहुण्यांची सरबराई यांतलं काहीही चालू असता कामा नये. लहान मुलं आणि पाळीव प्राणी तिथे नकोत. कलम ऐकून सगळ्यांत आधी भावोजींचा चेहरा उजळला. "म्हणजे तुमच्या चकल्या होईपर्यंत मला भांडी घासायला कायद्याने बंदी आहे." त्यांनी ते कलम छापून फ्रीजवर लावलं. एरवी फ्रीजवर फक्त शाळेच्या सुट्ट्यांची यादी असते.

खरी पंचाईत पाहुण्यांच्या सरबराईची. चकलीचा घाणा कढईत आहे आणि दारात कुणीतरी "सहज आलो होतो" म्हणत उभं आहे, हा प्रसंग मराठी घरात टळत नाही. वासावर येणाऱ्यांना आमंत्रण लागत नाही. आता त्यांना चहा करून दिला तर कलम मोडतं आणि न दिला तर महाराष्ट्र मंडळात बोभाटा होतो. नणंदेने तोडगा काढला. पाहुण्यांना दिवाणखान्यात बसवायचं, पाणी बाटलीतलं द्यायचं आणि चहा शेजारच्या घरातून मागवायचा. पाहुणे गेले ते सांगत, "तिच्याकडे गेलो होतो, पण चहा दुसरीकडचा मिळाला."

कामाला घरातली माणसं सोडून एकाच पगारी माणसाइतकी मदत घेता येते, असंही कॅलिफोर्नियाचा कायदा म्हणतो. घरच्यांना यात मोजत नाहीत. फराळाच्या पंधरवड्यात नवरा, दोन मुलं आणि मुक्कामाला आलेल्या सासूबाई असे चार जण राबत असतात आणि कायद्याच्या लेखी तिथे कुणीच नसतं. नवऱ्याच्या मते त्याच्या बाबतीत कायद्याने फक्त वस्तुस्थिती नोंदवली आहे.

यापुढची पायरी म्हणजे कॅलिफोर्नियातली पदार्थांची यादी. कोणकोणते पदार्थ घरी करून विकता येतील, ते कायद्यात नावानिशी दिले आहेत. ब्रेड, बिस्किटं, जॅम, मध, भाजलेली कॉफी, सुकी फळं हे समजू शकतं. पण पुढे बघावं तर मेक्सिकोचे चुर्रोस आहेत, तोर्तिया आहेत, मोले नावाच्या मसाल्याची सुकी पेस्ट आहे, लॅटिन अमेरिकेच्या फळं भरलेल्या एम्पनाडा आहेत, इटलीच्या पिझेल आहेत. ज्या ज्या समाजाची आजी यादी करताना कुणाला तरी आठवली, त्याचा पदार्थ आत गेलेला दिसतो. आमची आजी तेवढी आठवायची राहिली. चकली नाही, शंकरपाळी नाही, अनारसा नाही.

नणंद हार मानणारी नव्हती. तिने चुर्रो समोर ठेवला आणि बारकाईने पाहिला. पिठाची उकड काढतात, सोऱ्यासारख्याच यंत्रात भरतात, चांदणीच्या आकाराच्या चकतीतून दाबून तेलात सोडतात आणि तळून काढतात. कडेच्या धारासुद्धा त्याच. फरक एवढाच, की मेक्सिकन माणूस तो सरळ सोडतो आणि वर साखर भुरभुरतो. आपण गोल फिरवतो आणि आत तीळ-तिखट घालतो. तिचा युक्तिवाद असा होता, की चकली म्हणजे वळण लागलेला चुर्रो. आरोग्य खात्याच्या कचेरीत टेबलापलीकडच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "यात मांस किंवा क्रीम आहे का?" नाही म्हटल्यावर पुढचा प्रश्न आला, "फ्रीजबाहेर किती दिवस टिकते?" नणंद म्हणाली, "घरात मुलं नसतील तर महिनाभर."

या दुसऱ्या प्रश्नातच बहुतेक राज्यांच्या कायद्यांचं सार आहे. फ्रीजशिवाय टिकणारं चालतं, फ्रीज लागणारं चालत नाही. आपल्याकडे ही वर्गवारी फार जुनी आहे. ती 'प्रवासाला चालणारं' आणि 'आजच संपवायचं' या नावांनी ओळखली जाते. दुधात मळलेल्या दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, मेतकूट, गूळपोळी एका बाजूला. उकडीचे मोदक, पुरणपोळी, श्रीखंड दुसऱ्या बाजूला. हा नियम कॅलेंडरला लावून पाहिला तर गंमत होते. दिवाळी कायदेशीर ठरते. संक्रांत कायदेशीर ठरते. होळीची पुरणपोळी, पाडव्याचं श्रीखंड आणि कोजागरीचं मसाला दूध बेकायदेशीर ठरतं. गणेशचतुर्थी वादग्रस्त: तळणीच्या मोदकांना आशा आहे, उकडीच्यांना नाही. म्हणजे बाप्पाच्या नैवेद्यावर कोकण आणि घाट असा जो जुना वाद आहे, त्यात अमेरिकेतली निम्मीअधिक राज्यं नकळत घाटाच्या बाजूने उभी आहेत.

टेक्सासने सप्टेंबर २०२५ पासून हेही दार उघडलं. मांस, मासे, आइस्क्रीम, कच्चं दूध असे काही अपवाद सोडले, तर घरचं बाकी बहुतेक सगळं तिथे विकता येतं. फ्रीज लागणाऱ्या पदार्थांसाठी नोंदणी करायची आणि तापमान सांभाळायचं. धाकट्या जावेने त्या दिवशी कुटुंबाच्या ग्रुपवर एकच वाक्य टाकलं: "आमच्याकडे होळी सुटली."

याच टेक्सासचा लोणच्याचा इतिहास मात्र ऐकण्यासारखा आहे. तिथल्या कायद्याने लोणच्याला परवानगी दिली होती, आणि मग आरोग्य खात्याने नियमांत लोणचं म्हणजे काय ते सांगितलं: काकडी. फक्त काकडी. बीट, गाजर, भेंडी मुरवली तर ते लोणचं धरायचं नाही. शेतात पिकलेलं बीट मुरवून विकू पाहणारं एक निवृत्त जोडपं २०१८ साली या व्याख्येविरुद्ध कोर्टात गेलं आणि पुढच्याच वर्षी विधिमंडळाने कायदा बदलून बाकीच्या भाज्यांनाही लोणच्याचा दर्जा दिला. कैरी, लिंबू, आवळा, मिरची, हळद, भोकर, करवंद यांची लोणची ज्या घरांत एका फळीवर नांदतात, तिथल्या माणसाला हे वाचून अमेरिकेची दया येते. आपल्याकडे लोणच्याची व्याख्या करायला समिती नेमली असती, तर तिचा अहवाल अजून आला नसता आणि समितीत दोन गट पडले असते: गुळाचा आणि बिनगुळाचा.

विस्कॉन्सिनमध्ये याच्या उलट. तिथे आंबट लोणची-मुरंब्यांना २०१० सालीच वर्षाला पाच हजार डॉलरपर्यंत सूट मिळाली, पण बिस्किटांना नाही. घरी बिस्किट भाजून विकणाऱ्या बाईला दंडच काय, तुरुंगाचीही भीती होती. तीन शेतकरी बायांनी खटला भरला आणि २०१७ मध्ये न्यायाधीशांनी ही बंदी राज्यघटनेत बसत नाही असं सांगितलं. बिस्किट घटनेपर्यंत जाऊन आलं. वायोमिंगने तर २०१५ सालीच गिऱ्हाइकाला नीट कल्पना देऊन घरचं जवळजवळ काहीही विका अशी मोकळीक दिली होती. अडचण इतकीच, की त्या अख्ख्या राज्याची वस्ती सहा लाखांच्याही आत आहे. सगळ्यांत मोकळा कायदा तिथे आहे; गिऱ्हाईक तेवढं शोधून आणायचं.

लोणच्याबद्दलची सरकारची भीती मात्र थट्टेवारी नेण्यासारखी नाही. बॉट्युलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू मातीत असतात, साध्या उकळण्याने मरत नाहीत आणि हवा नसलेल्या, कमी आंबट जागेत वाढून जहाल विष तयार करतात. पीएच ४.६ किंवा त्याखाली, म्हणजे पदार्थ पुरेसा आंबट असेल, तर त्यांची डाळ शिजत नाही. म्हणून बहुतेक राज्यांत लोणच्याचा प्रश्न या एका आकड्यावर येऊन थांबतो. तेलात बुडवून ठेवलेल्या ओल्या लसणाकडे तिकडचे अधिकारी याच कारणाने संशयाने बघतात. माझ्या बहिणीने आंबटपणा मोजायचं यंत्र आणलं. कैरीच्या लोणच्यात काडी घातली, आकडा आला ३.४. सासूबाईंनी बोट लावून चाखलं आणि "कैरी पाडाला लागलेली होती" असं निदान केलं. यंत्राला हे कळलं नव्हतं. बरणीत ओला चमचा घालू नको, फोडी फडक्यावर कोरड्या कर, मीठ कमी करू नको, हे त्या चाळीस वर्षं ओरडून सांगत आल्या. पाण्याचा अंश कमी ठेवला की जंतू वाढत नाहीत, हे सरकारने त्याच ओरड्याला दिलेलं शास्त्रीय रूप आहे. सरकार फक्त ओरडत नाही.

यानंतर लेबल. पदार्थाचं नाव, करणारीचं नाव-पत्ता, आणि सगळे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने. इथे मराठी स्वयंपाकाची पहिली ठेच लागते, कारण त्याला वजन माहीतच नाही. त्याला वाटी माहीत आहे. कुठली वाटी, तर "ती आपली नेहमीची". बहिणीने सासूबाईंच्या मागे वजनकाटा घेऊन फिरायला सुरुवात केली. त्या डब्यातून मूठ भरून बेसन काढायच्या आणि ही "थांबा, थांबा" करत ती मूठ काट्यावर रिकामी करून घ्यायची. चौथ्या मुठीला सासूबाई म्हणाल्या, "आता हाताचा अंदाज मोडला. लाडू बिघडले तर सरकारला सांग." चवीपुरतं मीठ लेबलवर सगळ्यांत शेवटी गेलं, अंदाज आणि हातगुण यांना रकानाच नव्हता.

ॲलर्जीचे नऊ पदार्थ वेगळे सांगावे लागतात: दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यांची जात, काजू-बदामांची जात, शेंगदाणे, गहू, सोयाबीन आणि तीळ. तीळ या यादीत जानेवारी २०२३ पासून आले. संक्रांतीच्या पुडीवर त्यामुळे आता 'तिळगूळ घ्या, गोड गोड बोला' याच्या खाली 'यात तीळ आहेत' असंही छापावं लागतं. नारळाची कथा याहून करुण आहे. करंजीतला नारळ तिकडच्या सरकारी यादीत कित्येक वर्षं काजू-बदामांच्या पंक्तीला बसवलेला होता; जानेवारी २०२५ मध्ये त्याला तिथून उठवलं. कोकणातल्या माणसाला यातलं काहीच पटलं नसतं, आधीचं बसवणंही नाही आणि नंतरचं उठवणंही नाही. सगळ्यांत मोठा धक्का दिला तो हिंगाने. चिवड्यात गहू नाही, असं बहीण छातीठोकपणे लिहिणार होती. मग तिने हिंगाची डबी फिरवून बारीक अक्षरं वाचली. डबीत हिंग थोडा आणि गव्हाचं पीठ बरंच होतं. पोह्यांच्या चिवड्यावर 'यात गहू आहे' अशी पाटी लागली. सासूबाईंनी ती डबी हातात घेऊन बराच वेळ न्याहाळली आणि म्हणाल्या, "इतकी वर्षं मी उपासाला हिंग टाळत होते गं, चालत नाही म्हणून. बरंच झालं म्हणायचं."

लेबलवरची शेवटची ओळ सगळ्यांत महत्त्वाची. बहुतेक राज्यांत तिथे लिहावं लागतं की हा पदार्थ घरच्या स्वयंपाकघरात केला आहे. काही ठिकाणी पुढे असंही, की या स्वयंपाकघराची सरकारी तपासणी झालेली नाही. सरकारच्या मते हा इशारा आहे. ठाण्या-पुण्यात हेच वाक्य दुकानाच्या पाटीवर रंगवून घेतात आणि किलोमागे पन्नास रुपये जास्त लावतात. एडिसनच्या मराठी गिऱ्हाइकांनीही पुढे हा इशारा वाचला आणि ऑर्डर दुप्पट केली. सासूबाईंना मात्र ती ओळ खोटी वाटली. "तपासणी झालेली नाही म्हणजे काय? मी काय इथे झोपा काढते?" त्यांचं म्हणणं रास्त होतं. सरकारी निरीक्षक आला तर वर्षातून एकदा येतो आणि आधी फोन करतो. त्या दर तासाला येतात, आवाज न करता येतात, आणि मिक्सरच्या भांड्याखालची रबरी चकती काढून तिच्या खाचेत नख घालून बघतात.

सासूबाईंच्या सहभागात एक निराळी कायदेशीर भानगड होती, ती जावयाने हळूच सांगितली. त्या पर्यटक व्हिसावर आल्या आहेत आणि पर्यटकाला काम करायची परवानगी नसते. यावर त्या म्हणाल्या, "मी कुठे काम करते? मी फक्त चुका काढते." वकिलालाही याहून चांगला बचाव सुचला नसता. पण हा विषय सगळ्यांच्याच घरी हसण्यावारी जात नाही. नवऱ्याच्या नोकरीमागून एच-४ व्हिसावर गेलेल्या किती तरी शिकलेल्या मुलींना स्वतःचं काम करून पैसे मिळवायला मनाई असते. २०१५ पासून त्यांतल्या काहींना कामाचा परवाना मिळू लागला, सगळ्यांना नाही. लाडवाला विकायची परवानगी मिळते आणि वळणारीला मिळत नाही, असंही घडतं.

फराळाच्या पलीकडे जाऊन रोजची पोळी-भाजी विकायची, म्हणजे खाणावळच घालायची, तर कॅलिफोर्नियाने त्यासाठी २०१८ साली वेगळा कायदा केला. प्रत्येक काउंटीने, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याने, तो आपल्याकडे लागू करायचा की नाही ते ठरवायचं. रिव्हरसाइड काउंटीने पहिल्यांदा केला. अन्न त्याच दिवशी शिजवून त्याच दिवशी द्यायचं, हे उत्तम. पण मूळ मर्यादा होती दिवसाला तीस ताटं आणि आठवड्याला साठ. म्हणजे सोमवार-मंगळवार पंगत भरली की बुधवारपासून मालकिणीला आणि गिऱ्हाइकांना एकत्रच उपास. पुढे आठवड्याची मर्यादा नव्वदवर नेली, तेव्हा बुधवारही जेवू लागला.

आपल्याकडे हे सगळं एका झटक्यात मिटवलेलं आहे. २००६ चा अन्नसुरक्षा कायदा, २०११ पासून अंमल, आणि त्या वेळच्या नियमावलीत वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या माणसाला १०० रुपये वार्षिक शुल्कात नोंदणी ठेवली. चौदा आकडी क्रमांक मिळतो आणि तो चांद्यापासून बांद्यापर्यंत, त्याच्याही पलीकडे चालतो. ही वाट बायकांनी फार आधी मळवून ठेवली होती. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, तेव्हा कुणी त्यांना पापडाची व्याख्या विचारली नाही, आणि 'लिज्जत'चे पापड आजही बायका आपापल्या घरी लाटून आणतात. फरक असा, की आपल्याकडे कायदा सोपा आणि तो ठाऊक असलेली माणसं थोडी; तिकडे कायदा अवघड आणि पाचवीतल्या मुलालाही लेबलचा फाँट किती मोठा हवा ते माहीत.

इतकं करून मावसबहिणीचा परवाना आला. १०० डॉलरचा परवाना, परीक्षेची फी, वजनकाटा, आंबटपणाचं यंत्र, लेबलचा प्रिंटर, सगळं धरून तिने हिशेब मांडला आणि लाडवाची किंमत ठरवली: दीड डॉलर. पहिल्या गिऱ्हाईक म्हणजे मंडळातल्या एक काकू. त्यांनी मनातल्या मनात रुपये केले, ते चेहऱ्यावर दिसलं. त्यांनी पर्स उघडली आणि नेमक्या त्याच वेळी सासूबाई बाहेर आल्या. "अहो, घरी आलेल्या माणसाकडून पैसे कसले घ्यायचे? ठेवा हो." काकू म्हणाल्या, "नाही नाही, घ्यायलाच हवेत." दहा मिनिटं नोटा दोघींच्या हातांतून इकडून तिकडे फिरत राहिल्या. न्यू जर्सीच्या नियमावलीत विक्रीच्या व्यवहाराची ही पद्धत कुठेच वर्णन केलेली नाही. शेवटी डझनाचे पैसे घेतले गेले आणि वर तीन लाडू "नातवाला" म्हणून घातले. बारा लाडवांवर लेबल होतं, तिनांवर नव्हतं. पहिले बारा व्यापार आणि शेवटचे तीन वैयक्तिक भेट, असं बहिणीने वहीत लिहून ठेवलं. उद्या कुणी विचारलं तर कागद हवा.

काकूंनी तिथेच एक लाडू तोंडात टाकला. डोळे मिटले. घरातल्या चौघांनी श्वास रोखला. परीक्षा पास झालेली होती, पीएच बरोबर होता, तूप, गहू, तीळ, काजू सगळं जिथल्या तिथे जाहीर झालेलं होतं. "छान झालेत हो," काकू म्हणाल्या, "फक्त बेसन आणखी थोडं भाजायला हवं होतं. आमच्याकडे भाजतात." पन्नास राज्यांचे पन्नास कायदे उलटून पाहिले, या वाक्यापासून विक्रेत्याला संरक्षण देणारं कलम एकाही ठिकाणी नाही.